घरच्या ध्वनिमुद्रणात मायक्रोफोनची बैठक : प्रस्तावना

मायक्रोफोनकडे ध्वनी दोन वाटांनी येतो. एक वाट हवेची. गाणाऱ्याच्या कंठातून निघालेली लहर खोलीतील हवा ओलांडून त्याच्या पडद्यावर येऊन पोहोचते, आणि याच वाटेने येणाऱ्या ध्वनीकरिता त्या यंत्राची निर्मिती झालेली असते. दुसरी वाट जमिनीची. माजघरात कोणी पाट ओढला, दिवाणखान्यातील टेबलावर कोणी हात टेकला, अथवा अर्ध्या मैलावरून मालगाडी गेली, तर तो हादरा फरशीतून स्टँडच्या पायात, पायातून दांडीत, दांडीतून पेचात आणि पेचातून मायक्रोफोनच्या धातूच्या कवचात चढतो. आणि हे सर्व इतक्या निःशब्दपणे घडते की खोलीत बसलेल्या माणसाच्या कानाला त्याची वार्ताही नसते. मुद्रण झाल्यावर जेव्हा आपण ते हेडफोन लावून ऐकतो, तेव्हा कुठे आवाजाच्या तळाशी एक गुरगुर किंवा मधूनच एक बोजड ठोका उमटलेला आढळतो. पुढील पृष्ठांत ज्या साधनाचे सविस्तर विवेचन केले आहे ते शॉक माउंट, म्हणजे मायक्रोफोनला लवचीक दोऱ्यांवर अधांतरी तोलून धरणारी चौकट, ही दुसरी वाट तोडण्यासाठी आहे. तिचे दुसरे कोणतेही प्रयोजन नाही. आणि ही एवढी गोष्ट मनात पक्की ठसली म्हणजे ती कशी निवडावी, कशी बसवावी आणि कोठे बिघडते, हे सारे त्यातूनच उलगडत जाते.

ही पुस्तिका वर्धा जिल्ह्यातील गृहस्थांना, विद्यार्थ्यांना आणि भजनी मंडळांना उद्देशून लिहिली आहे, आणि त्यास कारण आहे. ध्वनिमुद्रणावरील बहुतेक लेखन शहरातील बंदिस्त स्टुडिओ गृहीत धरून झालेले असते. तेथील जमीन मूळ इमारतीपासून अलग उचललेली, भिंती दुहेरी, दारे जड. आपल्याकडे मुद्रण होते ते राहत्या घरात. १८६२ साली नागपूरपासून वेगळा काढलेला हा जिल्हा आणि १८६६ साली पालकवाडीच्या जागेवर आखून वसविलेले वर्धा शहर, ही दोन्ही रेल्वेच्या सोबतीनेच वाढली. मुंबईहून हावड्यास जाणारा आणि दिल्लीहून चेन्नईस जाणारा असे देशाचे दोन महामार्ग वर्धा व सेवाग्राम या स्थानकांच्या परिसरात एकमेकांस मिळतात, आणि चंद्रपूरकडील कोळसा भरलेल्या गाड्या हिंगणघाटावरून रात्रंदिवस धावत असतात. रुळांलगतच्या वस्तीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना गाडीचा आवाज आता ऐकूही येत नाही. परंतु मायक्रोफोनला सवय नावाची गोष्ट ठाऊक नसते. त्यातून वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढला की घरोघरी खिडकीत लोखंडी घोडीवर बसविलेला कूलर सुरू होतो. त्याचा पंखा आणि पाण्याचा पंप ही दोन्ही त्या पत्र्याच्या पेटीला आणि पेटीमार्फत भिंतीला अखंड थरथर देत राहतात. कूलर बंद करून मुद्रण करावे असा सल्ला देणे सोपे आहे. ऐंशी वर्षांच्या वृद्धेला त्या उन्हाळ्यात दोन तास बंद खोलीत बसवून तिच्याकडून गाणी म्हणवून घेणे मात्र मला माणुसकीचे वाटत नाही. शेजारच्या खोलीतील कूलर चालू ठेवून मुद्रण निभावून नेता यावे, निदान त्याची थरथर जमिनीवाटे तरी आत येऊ नये, अशी तजवीज करणे हेच योग्य.

आणि या घरांतून मुद्रित करण्यासारखे काय आहे, असा प्रश्न कोणी विचारील तर त्याला मी जिल्ह्याच्या चारी दिशांकडे बोट दाखवीन. विनोबांनी १९३०-३१ मध्ये रचलेली आणि १९३२ साली प्रथम छापून निघालेली गीताई आज ग्रंथरूपाने सर्वत्र उपलब्ध आहे, गोपुरीच्या गीताई मंदिरात तर ती शिळाशिळांवर कोरलेली आहे. परंतु ज्या चालीत, ज्या ठिकाणी श्वास घेत आणि ज्या अक्षरावर किंचित थांबत जुन्या पिढीतील माणसे ती घरात म्हणत आली, ती चाल कोणत्याही शिळेवर कोरता येत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९३६ साली गांधीजींच्या निमंत्रणावरून सेवाग्रामला येऊन राहिले होते. त्यांच्या खंजिरीचा ठेका आर्वी, आष्टी, कारंजा या बाजूच्या गावोगावच्या भजनी मंडळांनी हातोहात पुढे नेला, आणि प्रत्येक गावाने त्यात आपली अशी एक लकब मिसळली. कोलामी भाषेचे मरे एमेनो या अमेरिकन पंडिताने लिहिलेले आणि १९५५ साली प्रसिद्ध झालेले व्याकरण जगातील भाषाशास्त्रज्ञांना परिचित आहे, व ते आधारलेले आहे ते वर्ध्याच्या कोलामी बोलीवर. पण त्या व्याकरणाच्या पानांवर उच्चार चिन्हांनी नोंदलेला आढळतो, त्या उच्चाराचा स्वर आढळत नाही. तो अजूनही काही घरांतील वृद्धांच्या मुखी आहे. हे सर्व ऐवज कोणत्याही सरकारी दप्तरात जमा नाहीत. ते ज्यांच्यापाशी आहेत त्यांच्या नातवंडांच्या हाती आज बऱ्या दर्जाचा मायक्रोफोन आणि संगणक आलेला आहे, आणि म्हणून त्या नातवंडांनी तो मायक्रोफोन नीट बसविणे ही माझ्या दृष्टीने क्षुल्लक बाब उरत नाही.

सर्वांत बिकट आणि म्हणूनच सर्वांत बोधप्रद प्रकरण जात्यावरच्या ओव्यांचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या, त्यांतील कित्येक ध्वनिमुद्रितही झाल्या, हे आता सर्वश्रुत आहे. त्या कामाचे मोठेपण वादातीत आहे. पण आपल्या आजीच्या ओव्या आपल्याच घरात मुद्रित करू पाहणाऱ्या मुलामुलींपुढे जी अडचण उभी राहते ती प्रत्यक्ष अनुभवल्यावाचून कळत नाही. जाते जमिनीवर मांडलेले असते. दगडाची वरची पाळी खालच्या पाळीवर फिरते तेव्हा तो घर्षणाचा कंप सरळ जमिनीत उतरतो, आणि त्याच जमिनीवर हाताच्या अंतरावर आपल्या स्टँडचे तीन पाय टेकलेले असतात. परिणामी मायक्रोफोनला जात्याची घरघर दोनदा मिळते: एकदा हवेतून, जशी ती आजीच्या शेजारी बसलेल्या सुनेला ऐकू येते तशी; आणि दुसऱ्यांदा जमिनीतून, जशी ती कोणत्याही माणसाने कधी ऐकलेली नाही अशी. यांतील पहिली घरघर ओवीचाच भाग आहे. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याने बांधलेली असते, खुंटा पुढे ढकलताना सूर कुठे वर जातो आणि ओढून घेताना कुठे उतरतो हे त्या आवाजावाचून समजत नाही, आणि म्हणून तो आवाज काढून टाकावा असे म्हणणाऱ्यांशी माझा स्पष्ट मतभेद आहे. दुसरी घरघर मात्र उपरी आहे. ती आजीच्या आवाजाखाली एक सलग गढूळ थर पसरते आणि शब्दांचे तळ खाऊन टाकते. मागाहून संगणकावर या दोन घरघरींची ताटातूट करू म्हटले तर ती होत नाही; एकदा एकाच तारेतून दोन्ही वाहू लागल्या की त्यांची कुळे वेगळी ओळखता येत नाहीत. ती फारकत मुद्रणापूर्वी, स्टँड आणि मायक्रोफोन यांच्या दरम्यानच्या त्या चार बोटांच्या जागेतच करावी लागते. स्टँडच्या पायांखाली दुहेरी घडीचे गोणपाट किंवा जुनी गोधडी घालणे, जात्यापासून शक्य तितके दूर जाणे, हे उपाय उपयोगी आहेत आणि पुस्तिकेत त्यांचा उल्लेख आहे. परंतु मुख्य भार शॉक माउंटवरच पडतो.

जमिनीचा हादरा ध्वनी म्हणून कसा नोंदला जातो, हे थोडक्यात सांगणे येथे इष्ट होईल. मायक्रोफोनच्या पोटात एक अत्यंत पातळ पडदा असतो. कंडेन्सर जातीच्या यंत्रात तो काही मायक्रॉन जाडीच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकचा असतो. हवेतील दाबाने पडदा हलतो आणि त्याचे कवचाच्या संदर्भात जे स्थलांतर होते त्याचे विजेच्या संकेतात रूपांतर होते. आता हवा स्तब्ध असून कवचच हलले, तर पडदा आणि त्याला बिलगलेली हवा जडत्वामुळे किंचित मागे राहते. स्थलांतर याही वेळी घडते, आणि पडदा हलला की कवच हलले याचा निवाडा करण्याची कोणतीही शक्ती त्या यंत्रापाशी नसते. डायनॅमिक जातीच्या यंत्रात पडद्याला तांब्याच्या तारेचे वेटोळे चिकटविलेले असल्याने हलणारे वजन अधिक, म्हणून हादऱ्याचा उपद्रवही अधिक. अशा कित्येक यंत्रांत, सभांतून आणि कीर्तनांतून सर्रास दिसणारा शुअर कंपनीचा एसएम ५८ हे त्याचे उदाहरण, पडद्याची पेटी आतल्या आतच लवचीक आधारावर बसविलेली असते. कंडेन्सरचा पडदा हलका असतो खरा, पण त्याची संवेदनशीलता मोठी आणि खालच्या स्वरांपर्यंत त्याची पोच खोल, त्यामुळे त्यालाही बाहेरून आधार द्यावाच लागतो. आणखी एक बाब अशी की समोरचेच ऐकणारी, म्हणजे कार्डिऑइड वळणाची यंत्रे सर्व दिशांनी सारखे ऐकणाऱ्या यंत्रांपेक्षा हादऱ्याला अधिक लवकर बळी पडतात. घरी वापरण्याकरिता विकली जाणारी बहुतेक यंत्रे नेमकी याच वळणाची असतात.

या उपद्रवावरचा तोडगा आपल्या घरांना अनोळखी नाही. आढ्याला टांगलेल्या शिंक्यातील मडके घरातल्या धावपळीने हिंदकळत नाही, कारण मडक्याचे वजन आणि दोरीचा लोंबता ताण मिळून बाहेरच्या झटपट हालचालींना दाद देत नाहीत. शॉक माउंटचे तत्त्व हेच आहे, केवळ त्यात दोरीऐवजी रबराचा ताण योजिलेला आहे. वजन आणि ताण यांच्या जोडीला स्वतःचा असा एक मंद झोका असतो. त्या झोक्याच्या गतीपेक्षा पुष्कळ जलद असलेला कंप आत शिरत नाही. त्या गतीइतकाच असलेला कंप मात्र उलट वाढून आत येतो. ढोबळ हिशेब असा की मायक्रोफोन बसविल्यावर आतील चौकट आपल्या वजनाने एक मिलिमीटर खाली उतरली तर तिचा झोका सेकंदास सुमारे सोळा असतो, आणि एक सेंटिमीटर उतरली तर सुमारे पाच. संरक्षणाचा प्रारंभ झोक्याच्या सुमारे १.४ पटीपासून होतो. म्हणजे पहिल्या बैठकीत बावीस हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदास बावीस कंपांच्या, खालचे काहीच अडत नाही, तर दुसरीत सातच्या वरचे सर्व कमी-अधिक अडू लागते. विजेवर चालणाऱ्या पंख्या-पंपांच्या घरघरीत पन्नास हर्ट्झच्या आसपासचा कंप नेहमी आढळतो; अशा कंपाचा, घर्षण जमेस न धरता, पहिल्या बैठकीत नववा हिस्सा आत येईल आणि दुसरीत शंभरावा. प्रत्यक्षात आकडे इतके स्वच्छ नसतात, तथापि प्रमाणाची कल्पना येण्यास ते पुरेसे आहेत. त्यांचा व्यवहारातील अर्थ असा की मायक्रोफोन बसविताच चौकट डोळ्यांना दिसेल इतकी खाली उतरली पाहिजे, आणि उतरूनही बाहेरच्या कड्याला कोठेही टेकता कामा नये.

या साधनाचा इतिहास मुद्रणातील मायक्रोफोनइतकाच जुना आहे. १९०२ साली ध्वनिमुद्रक गेझबर्गने कलकत्त्यास भारतातील पहिली ग्रामोफोन मुद्रणे केली तेव्हा मुद्रणात मायक्रोफोन नव्हताच. कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. १९२५ च्या सुमारास विद्युत मुद्रण रूढ झाले आणि त्या काळच्या छायाचित्रांत कार्बनचा गोल मायक्रोफोन एका मोठ्या कड्याच्या मध्यभागी पोलादी स्प्रिंगांनी चहूकडून ताणून धरलेला आपणास दिसतो. ती सजावट नव्हती, शॉक माउंटच होते. राइझ या संशोधकाच्या मायक्रोफोनचे कवच तर संगमरवराचे केले गेले. पुढे स्प्रिंगांची जागा रबरी दोऱ्यांनी घेतली, आणि अलीकडे रायकोटसारख्या इंग्लंडमधील कारखान्याने दोऱ्यांऐवजी कडक प्लास्टिकची वळणदार कमान रूढ केली, जी न सैलावता वर्षानुवर्षे टिकते. १९४८ च्या जुलैत नागपूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाल्यापासून विदर्भातील गायकांनी असल्या टांगलेल्या मायक्रोफोनांसमोर हजेरी लावली. तसा मायक्रोफोन आता घराच्या कोनाड्यात आला आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. शॉक माउंट वापरूनही ज्यांचे मुद्रण सदोष निघते अशा लोकांनी ऐकविलेल्या मुद्रणांचा आणि दाखविलेल्या बैठकांचा विचार करता माझी अशी पक्की धारणा झाली आहे की बहुतेकांचा घोटाळा एकाच ठिकाणी होतो: जेथे घट्ट हवे तेथे ते सैल ठेवतात आणि जेथे सैल हवे तेथे घट्ट करतात. या साधनात दोन सांधे आहेत. मायक्रोफोन आणि आतील चौकट यांच्यामधला सांधा संपूर्ण घट्ट असला पाहिजे, इतका की ती दोन्ही मिळून एकच वस्तू व्हावी. आतील चौकट आणि बाहेरचे कडे यांच्यामधला सांधा मात्र मोकळाच राहिला पाहिजे. मायक्रोफोन पडेल या भयाने कित्येक जण दोऱ्यांना जादा पीळ देतात, दुहेरी रबर लावतात, क्वचित चिकटपट्टीचे वेढेही देतात. आणि ज्या पेचावर त्याची खरी सुरक्षितता अवलंबून आहे तो पेच अर्धाच फिरविलेला राहतो. पडण्याचे भय रास्त आहे, कारण पाव ते अर्धा किलो वजनाचे नाजूक यंत्र फरशीवर आपटले की त्यातून सुटका नसते; पण त्या भयाचा बंदोबस्त आतल्या सांध्यात करावयाचा असतो, बाहेरच्या नव्हे.

आतला सांधा घट्ट करण्याचे प्रकार यंत्रागणिक भिन्न आहेत आणि पुस्तिकेचा मध्यभाग त्यांनीच व्यापला आहे. मोठ्या पडद्याच्या कित्येक मायक्रोफोनांच्या बुडाशी आट्यांचे एक कडे असते. ते सोडवून घ्यावे, मायक्रोफोनचे बूड चौकटीच्या भोकातून उतरवावे आणि कडे खालून पुन्हा चढवावे. हे आटे बारीक असतात आणि घाईने तिरके चढले तर कायमचे मरतात. त्यावर कारागिरांची जुनी युक्ती अशी की कडे प्रथम उलट दिशेने हळूच फिरवावे; आट्याचे तोंड आट्यात उतरल्याची बारीकशी टिचकी बोटाला जाणवली की मगच सुलट फिरवावे, आणि ते बोटांच्याच जोराने पुरे करावे, पक्कड लावू नये. दुसऱ्या प्रकारात चौकटीचे दोन कान दाबले की तिचा जबडा उघडतो आणि सोडले की मायक्रोफोनला कवळून धरतो. हा प्रकार सोयीचा खरा, पण मायक्रोफोनची जाडी जबड्याच्या मापाशी जुळली तरच विश्वासाचा. जाडी कमी पडली तर जबड्याच्या आतील बाजूस नमद्याची अथवा पातळ रबराची पट्टी लावावी. मायक्रोफोनभोवती ती गुंडाळू नये, कारण लहान पडद्याच्या दंडगोल मायक्रोफोनांना अंगावर बारीक खाचा असतात, पाठीमागचा ध्वनी त्यांतूनच आत शिरतो व पडद्यावर रद्द होतो. त्या खाचा झाकल्या तर समोरचेच ऐकणारे यंत्र चहूबाजूंचे ऐकू लागते आणि खोलीचा घुमारा आत येतो. मायक्रोफोन उलटा टांगावयाचा असेल, म्हणजे डोके खाली आणि बूड वर, तर केवळ जबड्याच्या भरवशावर राहू नये. तेथे आट्यांचे कडेच पाहिजे.

स्टँडशी होणाऱ्या तिसऱ्या सांध्याची गोष्ट लहान आहे, पण खरेदी करून आलेल्या माणसाची पहिली निराशा तेथेच होते. स्टँडचे आटे दोन मापांचे असतात: अमेरिकन पद्धतीचे पाच-अष्टमांश इंच, इंचास सत्तावीस आटे, आणि युरोपीय पद्धतीचे तीन-अष्टमांश इंच, इंचास सोळा. एकाचे दुसऱ्याशी जुळवून देणारी पितळी बुश बहुधा शॉक माउंटच्या बुडात आधीच बसविलेली असते व तिच्या तोंडावर नाणे घालून फिरविण्याजोगी खाच असते. ती नकळत स्टँडवरच अडकून राहिली, की माउंट बसत नाही म्हणून दुकानाकडे धाव घेतली जाते.

बैठक निर्दोष साधली तरी तिला निष्फळ करणारी एक वस्तू शिल्लक राहते, ती म्हणजे केबल. मायक्रोफोनच्या बुडातून निघालेली जाड केबल ताठ ओढून सरळ स्टँडच्या दांडीला बांधली, तर रबराने तोडलेली वाट केबलने पुन्हा जोडली गेली असे समजावे. हादरा दोरीतून गेला नाही तर केबलीतून जाईल. म्हणून मायक्रोफोनपाशी केबलीचे एक सैल वेटोळे सोडावे, आणि मगच ती दांडीला कापडी पट्टीने बांधावी. वेटोळे बाहेरच्या कड्यालाही घासता कामा नये. या एका सूचनेकडे दुर्लक्ष झाल्यामुळे वाया गेलेल्या चांगल्या बैठका मी इतक्या पाहिल्या आहेत की पुस्तिकाकारांनी तिला स्वतंत्र प्रकरण दिले याचे मला समाधान वाटते.

सर्व जुळल्यावर परीक्षा घ्यावी. हेडफोन कानाला लावून स्टँडच्या पायावर बोटाने टिचकी मारावी. मग मायक्रोफोन चौकटीतून काढून, साध्या पकडीत बसवून, आवाजाची पातळी न बदलता तीच टिचकी पुन्हा मारावी. फरक ऐकताक्षणी कळतो. तो कळला नाही, तर आतली चौकट कोठेतरी टेकलेली आहे अथवा दोऱ्या अवाजवी ताणलेल्या आहेत, असे खुशाल समजून शोध सुरू करावा. दोन्ही प्रसंगी मायक्रोफोनचे वजन तपासणे श्रेयस्कर असते. अर्धा किलोच्या यंत्राकरिता बनविलेल्या बैठकीत त्याच्या निम्म्या वजनाचे यंत्र ठेवले तर दोऱ्या खाली उतरतच नाहीत. याच्या उलट केले तर चौकट कड्याला लागते. एक बैठक सर्वांना चालते असा दावा विक्रेते करतात, त्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये.

आपल्या हवामानाचा येथे स्वतंत्र विचार करावा लागतो. रबर उष्णतेने म्हातारे होते; ताणून ठेवलेले रबर आणखी लवकर. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत मायक्रोफोन चढवून सबंध उन्हाळाभर तसाच टांगून ठेवला, तर पावसाळ्याच्या सुरुवातीस चौकट खाली बसलेली आढळणारच. काम झाल्यावर मायक्रोफोन काढून, कोरड्या डब्यात ठेवणे हे मायक्रोफोन आणि रबर या दोहोंच्या हिताचे आहे. दोऱ्या सैलावल्या तर सगळ्या एकदम बदलाव्यात, एखाददुसरी नव्हे, कारण जुन्या-नव्यांचा ताण विषम झाला की चौकट कलते. मूळ दोऱ्या मिळेनाशा झाल्या असतील तर शिंप्यांचे सामान विकणाऱ्या दुकानातील कापडी वेष्टणाचे गोल इलास्टिक चालते. मात्र प्रत्येक तुकडा सारख्याच लांबीचा कापावा आणि गाठी बाहेरच्या कड्यापासून दूर पडतील असे पाहावे.

या साधनाकडून जे होणारे नाही त्याचाही निर्देश केला पाहिजे. हवेच्या वाटेने येणाऱ्या कशालाही ते अडवीत नाही. भ, फ, प या वर्णांबरोबर तोंडातून सुटणारा वाऱ्याचा फटका पडद्यावर आदळतो, त्याला समोर जाळीदार कापडाचा पॉप फिल्टरच लागतो. कूलरचा घोंघाट हवेतून येतो तो तसाच येणार. शॉक माउंट फक्त त्याचा जमिनीवाटे येणारा अंश कमी करील. खोलीच्या उघड्या भिंतींचा घुमाराही त्याच्या अंमलाबाहेर आहे. मायक्रोफोनवर अथवा संगणकात ऐंशी हर्ट्झच्या खालचे गाळून टाकणारी कळ असते आणि तिचा उपयोग करावा; परंतु तीवरच विसंबून बैठकीची हयगय करू नये, कारण ठोका जोराचा बसला तर संकेत गाळणीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच फुटतो, आणि त्या क्षणी उच्चारलेला शब्द त्याबरोबर जातो. शिवाय पुरुषाच्या खर्जाचा मूळ स्वर शंभर हर्ट्झच्या आसपास असतो; गाळणी वर सरकवीत गेले तर ठोक्याबरोबर आजोबांच्या आवाजाचा भारदस्तपणाही गळून जाईल.

पुस्तिकाकारांनी आकृत्या स्वतः काढल्या आहेत, आणि प्रत्येक आकृतीत घट्ट सांधा जाड रेषेने व मोकळा सांधा तुटक रेषेने दाखविला आहे. वाचकाने प्रथम या आकृत्याच पाहाव्यात आणि मजकुराकडे नंतर वळावे, अशी माझी शिफारस आहे. जात्यावरच्या मुद्रणाचे प्रकरण ज्यांना तातडीने हवे असेल त्यांनी मधली प्रकरणे ओलांडून थेट तेथे जावे. केबलीचे प्रकरण मात्र कोणीही ओलांडू नये. अखेरीस आट्यांची मापे, निरनिराळ्या वजनांना साजेसे दोऱ्यांचे ताण आणि इलास्टिक कापण्याच्या लांबी यांचा तक्ता जोडला आहे. तो कापून मायक्रोफोनच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवता यावा म्हणून त्याची मागची बाजू मुद्दाम कोरी सोडली आहे.